तोंडओळखीची पुंजी

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहराचे नाव, ते तेव्हा औरंगाबाद होते, देशभरच्या वृत्तपत्रांत अकस्मात झळकले. निमित्त दुष्काळाचे नव्हते, दंगलीचे नव्हते, वेरूळ-अजिंठ्याचेही नव्हते. येथील सधन मंडळींनी एकत्र येऊन, कंपनीशी घासाघीस करून, एकाच दिवशी १५० मर्सिडीझ मोटारी खरेदी केल्या होत्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. मराठवाडा म्हणजे मागासलेला मुलूख ही समजूत पुसावी, उद्योजकांचे लक्ष या शहराकडे वळावे, असा हेतू त्यामागे सांगण्यात आला. त्या हेतूची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु आपण पुढे गेलो हे जगाला सांगताना आपल्याला दुसरे काहीही न सुचता मोटारच सुचावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे खास.

तसे पाहिले तर या शहराचे अन्नच चाकांवर चालते. वाळूजच्या कारखान्यातून १९८५ पासून दुचाक्या आणि रिक्षा बाहेर पडू लागल्या. शेंद्र्यात २००१ साली परदेशी मोटारींची जुळणी सुरू झाली. त्यांच्या आधाराने लहानमोठे शेकडो कारखाने उभे राहिले आणि मराठवाड्यातील हजारो तरुणांच्या घरी चूल पेटली. अशा गावात मोटारीवाचून जगण्याचे गुण गाणे म्हणजे हलवायाच्या ओट्यावर बसून उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. तरीही ते सांगितले पाहिजे. मोटारीचा धूर, तिचा खर्च, तिने अडवलेली जागा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. मोटार दारात आली की माणसाच्या आयुष्यातून एक वस्तू नकळत वजा होते आणि तिची नोंद कोणत्याही हिशेबवहीत होत नाही. त्या वस्तूला मराठीत एक सुरेख शब्द आहे: तोंडओळख.

नाव ठाऊक नसलेली माणसे

आप्त आणि परका यांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात जी माणसे राहतात, ती तोंडओळखीची. रोज ठराविक वेळी भेटणारा वर्तमानपत्रवाला, चपलेचा अंगठा शिवून देणारा चांभारदादा, थांब्याजवळचा चहावाला, बसमधले कंडक्टर, समोरून येताना हात वर करणारे निवृत्त गुरुजी. यांतील कित्येकांचे नाव आपल्याला ठाऊक नसते, जात ठाऊक नसते, मत कोणाला देतात हेही ठाऊक नसते. पण कोणाची मुलगी यंदा दहावीला आहे, कोणाचा गुडघा पावसाळ्यात धरतो, कोणाचा मुलगा पुण्याला गेला तो परत आला नाही, एवढे मात्र ठाऊक असते.

प्रस्तुत लेखकाने मोटार घेतली नाही. त्यामागे कसलेही व्रत नव्हते. आरंभी ऐपत नव्हती आणि ऐपत आली तेव्हा सवय मोडवेना. क्रांती चौकापासून पैठण गेट, औरंगपुरा, गुलमंडी असा वर्षानुवर्षे पायी जाण्याचा परिपाठ आहे. चार दिवस त्या वाटेने जाणे झाले नाही तर पैठण गेटजवळचा फळवाला हटकून विचारतो, "क्या साब, चार दिन दिखे नहीं?" या प्रश्नाची किंमत बाजारात शून्य आहे. पण आपण दिसलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले, ही भावना माणसाला जगण्यासाठी किती लागते, हे एकट्या राहणाऱ्या कोणत्याही वृद्धाला विचारावे.

समाजशास्त्रज्ञांनी या पुंजीचे मोजमाप केले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नोकरी बदललेल्या लोकांना नव्या जागेची बातमी कोणाकडून लागली याचा त्याने शोध घेतला, तेव्हा असे दिसले की जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांनीच ती अधिक वेळा दिली होती. कारण उघड आहे. आपल्या जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून, आणि त्या वर्तुळाशी आपला दुवा तोंडओळखीचाच असतो. वाळूजला कोणत्या कारखान्यात भरती आहे, घाटीत कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर बसतात, कोणत्या गल्लीत भाड्याची खोली रिकामी आहे, या बातम्या आपल्याकडेही अशाच चालत येतात.

याहून बोलका पुरावा सॅन फ्रान्सिस्को शहराचा आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास तेथील शेजारशेजारच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. रस्ते सारखे, घरेही बरीचशी सारखी. फरक एवढाच की पहिल्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,०००, तर तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावरील माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहाहून अधिक ओळखीची माणसे होती. भर रहदारीच्या रस्त्यावर मित्रांची सरासरी एकाच्याही खाली उतरली आणि ओळखी तीनवर आल्या. म्हणजे मोटार केवळ आत बसलेल्याला एकटे पाडत नाही. ज्याच्या दारावरून ती जाते, त्याचा शेजारही ती हिरावून घेते.

गरज हे नात्याचे बीज

असे का व्हावे? एक कारण वेगाचे आहे. पायी चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो. या गतीत समोरच्याचा चेहरा ओळखता येतो, थबकता येते, दोन शब्द बोलून पुढे जाता येते. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला माणसे दिसत नाहीत, अडथळे दिसतात. त्याच्याजवळ संभाषणाचे साधन एकच उरते आणि ते म्हणजे हॉर्न. दुसरे कारण अधिक खोल आहे. मोटारवाल्याला कोणाची गरज लागत नाही. वाट त्याला यंत्र सांगते, हवा यंत्र थंड करते, गाणे यंत्र म्हणते. मोटार नसलेल्याला मात्र घराबाहेर पाऊल टाकल्यापासून कोणाची ना कोणाची मदत मागावी लागते. बस गेली का, सुटे आहेत का, ही पिशवी जरा धराल का, येथे कोणी बसले आहे का, असे प्रश्न त्याला दिवसातून दहा वेळा विचारावे लागतात आणि तितक्याच वेळा उत्तरेही द्यावी लागतात. परावलंबन हा शब्द आपण निंदेने वापरतो. परंतु गरज हेच नात्याचे बीज आहे. ज्याला कोणाचीच गरज नाही, त्याला कोणाची ओळख कशी व्हावी?

परक्याशी बोलणे आपल्याला नकोसे वाटेल अशी आपली समजूत असते. ती बहुधा चुकीची ठरते. शिकागो विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आगगाडीने कामावर जाणाऱ्या काही जणांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलावयास सांगितले, तर काहींना गप्प बसावयास सांगितले. बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. आणि मौज अशी की, तो तसा होईल असे आधी लोकांना वाटत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे. ब्रिटनसारख्या देशाने तर २०१८ मध्येच एकाकीपणाचे खाते एका मंत्र्याकडे सोपवले. आपल्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही, याचे श्रेय सरकारला नाही. ते रस्त्यावरच्या, ओट्यावरच्या आणि बसथांब्यावरच्या बोलण्याला आहे.

पुऱ्यांचे गाव

आपले शहर मुळात पायांच्या मापाने बांधलेले आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे मोगलांच्या काळात तिच्याभोवती पुऱ्यांची वस्ती वाढत गेली. बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, उस्मानपुरा ही नावे आपण आज बसच्या पाट्यांवर वाचतो; परंतु एकेक पुरा म्हणजे मुळात स्वयंपूर्ण गाव होते. बाजार, देऊळ, मशीद, आड, सगळे चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर. दरवाजे तेवढे उंच होते, कारण त्यांतून हत्ती जायचे. गल्ल्या मात्र माणसांच्या होत्या. राजाबाजारातल्या संस्थान गणपतीच्या दर्शनाला जाणारा आणि शहागंजच्या मशिदीत नमाजाला जाणारा, दोघांना एकाच बोळातून वाट काढावी लागे आणि वाट काढताना एकमेकांना वाट द्यावीही लागे.

सिडकोने १९७० नंतर नवे शहर आखले, तेव्हाही एन-एक, एन-दोन अशा प्रत्येक भागात दुकानांचा एखादा गाळा, एखादे मैदान, एखादी शाळा ठेवली होती. पुढे वस्ती दूरवर पसरली. जालना रस्त्यावर एकामागून एक उड्डाणपूल झाले. पुलावरून जाणाऱ्याची पाच मिनिटे वाचली. पुलाखाली रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंची किती गेली, याची मोजदाद कोणी केली नाही. आणि आता तर असे दृश्य दिसते की, मंडळी मोटारीत बसून हिमायतबागेत जातात, तेथे तासभर चालतात आणि पुन्हा मोटारीत बसून घरी येतात. चालणे हा व्यायाम राहिला, व्यवहार राहिला नाही.

एसटीने काय केले

निजामी राजवटीत १९३२ साली हैदराबाद संस्थानच्या रेल्वे खात्याने अवघ्या २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हा आपला मराठवाडा त्या संस्थानात होता. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि तांबडी गाडी वाडी-तांड्यांपर्यंत पोहोचली. या गाडीने माल वाहिला, माणसे वाहिली. पण तिचे खरे कार्य वेगळेच आहे. ज्या समाजात कोणी कोणाशेजारी बसावे हे जन्माने ठरत होते, त्या समाजात तिने तीन माणसांचे बाक आणले आणि ज्याने आधी जागा धरली तो आधी बसला. तिकिटावर जात छापलेली नव्हती. गाडीतून उतरल्यावर ज्याची त्याची वाट पुन्हा वेगळी होत असे, हे खरे. तथापि दोन तास खांद्याला खांदा लागून बसल्याचा ठसा मनावरून पुसता येत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत तर या गाडीचे ऋण फिटणे नाही. सरस्वती भुवन संस्था १९१५ ची; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५८ साली विद्यापीठ आले. खेड्यापाड्यांतून येथे शिकावयास आलेल्या पोरांचा डबा आई पहाटे भाकरी थापून एसटीने पाठवायची. फडक्यात बांधलेला तो डबा कोणत्या पोराचा, हे ड्रायव्हर-कंडक्टरना ठाऊक असे. पावती नाही, हमाली नाही, करार नाही. उद्या डबा आला नाही तर पोरगा उपाशी राहील, एवढ्या एका जाणिवेवर ही व्यवस्था चालली. मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक, वकील, डॉक्टर त्या डब्यावर वाढले. तोंडओळखीने काय उभे राहते, याचा याहून मोठा दाखला मिळणे कठीण.

चालण्याने माणूस जोडला जातो ही गोष्ट या भूमीला नवी नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जे 'लीळाचरित्र', ते एका अखंड पायी हिंडणाऱ्या महापुरुषाच्या वाटेवरच्या भेटींचेच स्मरण आहे. चक्रधरस्वामींच्या त्या वाटा पैठण-वेरूळच्याच परिसरातल्या. आजही आषाढीला नाथांची पालखी पैठणहून पंढरपुरास पायी जाते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो आबालवृद्ध खुलताबादच्या भद्रा मारुतीला दौलताबादच्या घाटाने चालत जातात. वाटेवर जागोजाग चहा, पाणी, फराळ घेऊन लोक उभे असतात आणि घेणारा कोण हे देणारा विचारत नाही. वर्षातून एक रात्र आपण जसे वागतो, तसे उरलेल्या दिवसांत का वागत नाही? माणसे तीच असतात. त्या रात्री ती पायी असतात एवढाच फरक.

सक्ती आणि निवड

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील शंभरांपैकी सुमारे आठच कुटुंबांकडे मोटार आहे. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांना ती नसण्याचे सुख समजावून सांगणे हा भरल्या पोटाचा विनोद होईल. एप्रिल-मेच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईला तोंडओळखीचे तत्त्वज्ञान नको असते, सावली हवी असते. रात्री उशिरा शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला अंधाऱ्या थांब्यावर जी 'ओळख' होते, ती टाळण्यासाठीच बाप कर्ज काढून तिला स्कूटी घेऊन देतो. आजाऱ्याला मध्यरात्री घाटीत न्यावयाचे असेल तेव्हा शेजाऱ्याची मोटार देवासारखी धावून येते, हेही विसरता कामा नये.

म्हणून हा लेख मोटार विकून टाका असे सांगण्यासाठी नाही. तो प्रामुख्याने ज्यांच्याकडे मोटार आहे आणि ज्यांच्या हाती शहराचा कारभार आहे त्यांच्यासाठी आहे. आणि बव्हंशी ही एकच माणसे असतात. रोगाचे मूळ तेथेच आहे. जो कधी बसच्या थांब्यावर उभा राहत नाही, त्याला थांब्याला छप्पर नाही हे कळत नाही. जो पदपथावरून चालत नाही, त्याला पदपथ जागोजागी तुटला आहे हे दिसत नाही. शहर बससेवा या गावात सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. २०१८-१९ मध्ये 'माझी स्मार्ट बस' १०० गाड्यांनिशी नव्याने आली. ज्या सेवेवाचून वजनदारांचे काही अडत नाही, तिचे असेच होत राहते. याउलट मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले, त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. एकट्याने माहेरी जाणाऱ्या बायका आणि लेकीला भेटावयास निघालेल्या आजी गाड्यांत दिसू लागल्या. परवडणारा प्रवास मिळाला की नाती आपोआप हालचाल करू लागतात.

पायी चालणे हे सक्तीचे राहिले तर ते हालच; निवडता येण्याजोगे झाले तर ते सुख. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. ज्या देशात चालणे हा जिवावरचा खेळ आहे, तेथे मोटार घेणाऱ्याला दोष कसा द्यावा? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले की, विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाला हे सांगावे लागले, हीच खरी खेदाची गोष्ट.

शांततेचा पाया

या शहरापुरता प्रश्न आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचा आहे. येथे हिंदू, मुसलमान, बौद्ध यांच्या वस्त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि अशा शहराला शांतता फुकट मिळत नाही. मे २०१८ मध्ये शहागंज-राजाबाजार भागात दुकाने जळाली, दोन जीव गेले. मार्च २०२३ मध्ये किराडपुऱ्यात हिंसाचार झाला. अशा रात्री अफवा वाऱ्याच्या वेगाने येते. तिला अडवू शकतो तो एकच माणूस. ज्याच्याविषयी अफवा आहे, त्याला जो चेहऱ्याने ओळखतो.

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांचा अभ्यास करून २००२ साली ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की, मोठ्या शहरात केवळ रोजचा शेजार दंगल थोपवू शकत नाही. त्यासाठी दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या व्यापारी, कामगार आणि नागरी संघटना लागतात. तोंडओळखीचे गुण गाणाऱ्याने हा इशारा मनावर घेतला पाहिजे. फळवाल्याने विचारपूस केली म्हणून दंगल टळत नाही. परंतु ज्यांनी एकमेकांचे तोंडच कधी पाहिलेले नाही, अशांची संघटना तरी कशी उभी राहावी? शांतता समितीच्या बैठकीला पोलीस बोलावतात म्हणून आलेले लोक आणि वर्षानुवर्षे एकाच थांब्यावर उभे राहिलेले लोक, यांच्या बोलण्यात फरक पडतोच. संघटना ही भिंत खरी. पण पाया तोंडओळखीचाच आहे, आणि काचा वर केलेल्या मोटारीतून तो घालता येत नाही.

करावयाचे ते फार अवघड नाही. बस दर दहा मिनिटांनी आणि वेळेवर यावी. थांब्याला छप्पर, बाक आणि रात्री दिवा असावा. जालना रस्ता पायी ओलांडावयास जागोजाग सोय असावी. पदपथ सलग असावेत आणि त्यांवर झाडे लावावीत, कारण आपल्या उन्हाळ्यात सावली ही चैन नव्हे. फेरीवाल्याला हुसकण्याऐवजी त्याची जागा आखून द्यावी. रस्त्यावर नजर ठेवणारा तो बिनपगारी पहारेकरीच असतो. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७४ पासून रविवारी काही प्रमुख रस्ते मोटारींना बंद करून माणसांना मोकळे केले जातात आणि आज त्या रस्त्यांची लांबी १०० किलोमीटरहून अधिक आहे. आपण निदान पैठण गेट ते गुलमंडी एवढ्या रस्त्यावर महिन्यातून एक रविवार हा प्रयोग करून पाहावयास काय हरकत आहे?

ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांनी ती ठेवावी. आठवड्यातून दोन दिवस मात्र ती दारातच ठेवावी. भाजी पायी आणावी, नातवाला शाळेत चालत पोहोचवावे, महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी आणि नगरसेवकांनी एखाद्या दिवशी कार्यालयात बसने यावे. पहिल्या दिवशी वेळ मोडेल, दुसऱ्या दिवशी घाम येईल, पंधरवड्यात कोणीतरी ओळखीचे हसेल. एवढे झाले तर थांब्याचे छप्पर मागण्यासाठी वृत्तपत्रांत लेख लिहिण्याची गरज उरणार नाही. मागणारे आणि देणारे एकाच उन्हात उभे असतील.